देवाचे देणे : एका विस्मृत इंग्रजी शब्दाची हकीकत

गेल्या वर्षीची गोष्ट. बी. ए.च्या वर्गात इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीचा भाग चालू होता. तास संपला, मुले पांगली, आणि एक विद्यार्थी हातात वही घेऊन टेबलाशी आला. आगगाडीच्या आरंभीच्या काळातील अपघातांविषयी तो काही वाचीत होता आणि एका शब्दापाशी अडला होता. शब्द होता ‘डिओडँड’. इंजिनावर १,००० पौंडांचा डिओडँड बसवण्यात आला, अशा अर्थाचे ते वाक्य होते. मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने आपला निकाल देऊन टाकला. म्हणाला, “सर, हा आपला ‘देवदंड’च की! संस्कृतातूनच तिकडे गेला असणार.”

वाचकहो, मला हसू आले हे खरे; पण त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. लॅटिन भाषेत ‘देओ’ म्हणजे देवाला, आणि ‘दान्दुम्’ म्हणजे द्यावयाचे. दोन्ही मिळून ‘देवाला द्यावयाचे’. संस्कृतात सांगायचे तर ‘देवाय दातव्यम्’. लॅटिनमधला ‘देउस’ आणि आपला ‘देव’ हे एकाच घराण्यातले. तिकडचा ‘दारे’ आणि आपला ‘दा’ धातू हेही भाऊभाऊ. इंग्रजांनी तो आपल्याकडून उचलला असे मात्र नव्हे. दोघांचा मूळपुरुष एक, एवढेच. राहिला शेवटचा ‘डँड’. त्याचा आपल्या ‘दंडा’शी काडीइतकाही संबंध नाही. तेव्हा देव बरोबर, दंड चूक, असे मी त्याला सांगितले आणि तो गेला. पण घरी येताना माझ्या मनात आले, की व्याकरणाने मी बरोबर असलो तरी इतिहासाने तो पोरगाच जास्त बरोबर होता. कारण हा शब्द सुमारे सहाशे वर्षे वापरात राहिला, आणि त्या काळात त्यातला देव हळूहळू निघून गेला व दंड तेवढा शिल्लक उरला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आधी अर्थ स्पष्ट करू. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे एखाद्या जंगम वस्तूमुळे किंवा जनावरामुळे माणसाला अपघाती मरण आले, तर ती वस्तू किंवा ते जनावर राजाकडे जमा होत असे. बैलाने भोसकले तर बैल, गाडीखाली माणूस सापडला तर गाडी, कढईत पडून भाजून मेला तर कढई. या जप्त वस्तूला डिओडँड म्हणत. पुढे प्रत्यक्ष वस्तू न घेता मालकाकडून तिची किंमत वसूल करू लागले, आणि त्या रकमेलाही तेच नाव पडले. मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच नव्हता, बरं का! तुमची तलवार मी मागून नेली आणि तिने कोणाचा जीव घेतला, तरी तलवार गेली ती तुमची. वस्तूने जीव घेतला. वस्तू देवाची झाली. हिशेब असा सरळ होता.

तेराव्या शतकातील इंग्लंडमधले एखादे खेडे डोळ्यांपुढे आणा. भाताच्या ऐवजी गव्हाच्या पेंढ्यांनी भरलेली गाडी उतारावरून येते आहे, एक शेतमजूर घसरून चाकाखाली जातो आणि जागीच मरतो. गावाने प्रेत हलवायचे नाही. कॉरोनर यायचा. कॉरोनर हा राजाचा अधिकारी. ११९४ मध्ये हे पद निघाले. अपमृत्यूची चौकशी करणे आणि त्यातून राजाच्या खजिन्याला काय येणे आहे ते टिपून ठेवणे, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे. तो आसपासच्या गावांतले पंच बोलावी आणि त्यांना शपथेवर विचारी : माणूस कशाने मेला? त्या वेळी काय हलत होते? आणि त्याची किंमत काय? घोडा इतके शिलिंग, गाडी इतके पेन्स, वरचा माल इतका. कारकून ते चामड्याच्या गुंडाळीवर उतरवून घेई. मालकाकडून ती रक्कम निघाली नाही, तर सगळ्या गावाकडून वसूल व्हायची. मरणारा मेला, आणि गाव वर्गणी काढीत बसले!

या चालीचे मूळ शोधू जाता माणूस फार मागे जातो. बायबलच्या जुन्या करारात ‘निर्गम’ नावाचे पुस्तक आहे. माणसाला भोसकून मारणाऱ्या बैलाला दगडांनी ठेचावे आणि त्याचे मांस खाऊ नये, अशी आज्ञा त्याच्या एकविसाव्या अध्यायात आहे. इंग्रज पंडित हा आधार मोठ्या भक्तीने देत. मात्र व्यवहारात त्यांनी बैल ठेचला नाही. विकून पैसे केले. ग्रीकांकडे तर निर्जीव वस्तूंवर खटले चालत. अथेन्स शहरात त्यासाठी वेगळे न्यायासन होते, आणि माणसाचा जीव घेणारी कुऱ्हाड वा दगड शहराच्या हद्दीबाहेर टाकून देत. थासॉस बेटावरील थेआगेनीस या मल्लाच्या पुतळ्याची गोष्ट पाउसानिआस या प्रवाशाने लिहून ठेवली आहे, ती मोठी गमतीची आहे. मल्ल मेल्यावर त्याचा एक वैरी रोज रात्री येऊन त्याच्या पुतळ्याला चाबकाने फोडून काढी. एके रात्री पुतळा त्याच्या अंगावर पडला आणि तो ठार झाला. त्याच्या मुलांनी पुतळ्यावर खुनाची फिर्याद केली. पुतळा दोषी ठरला आणि समुद्रात बुडवला गेला. पुढे बेटावर दुष्काळ पडला, देववाणीला कौल लावला, तेव्हा पुतळ्याची आठवण झाली. अखेर कोळ्यांच्या जाळ्यात तो सापडला आणि सन्मानाने जागेवर बसला.

हे ऐकून आपण हसतो. पण दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालून तिच्यापुढे नारळ फोडणाऱ्यांनी फार हसू नये. वस्तूला काही एक स्वत्व आहे, तिची कृपा असते तसा तिचा कोपही असतो, ही भावना माणसात खोल रुजलेली आहे. ग्रीकांनी ती फिर्यादीपर्यंत नेली आणि इंग्रजांनी, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, वसुलीपर्यंत.

आता देव त्यात कोठे होता, ते पाहू. अठराव्या शतकातील सुप्रसिद्ध कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन याने १७६५ ते १७६९ या वर्षांत इंग्लंडच्या कायद्यावर आपला चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या खंडात डिओडँडचे विवेचन आहे, आणि ते कोणत्या प्रकरणात आहे म्हणाल? राजाच्या उत्पन्नाच्या! ब्लॅकस्टोन सांगतो की अवचित मरण आलेल्या माणसाला अंतकाळचे धर्मसंस्कार मिळत नाहीत, म्हणून ज्या वस्तूने त्याला मारले तिच्या किमतीतून त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना कराव्यात, असा पूर्वी हेतू होता. आपल्याकडे अपमृत्यू झाला म्हणजे नारायणबळी करतात. त्याच्या जवळपासची ही कल्पना. तिच्यावरूनच एका चमत्कारिक नियमाचा उलगडा तो करतो. उभ्या गाडीवरून किंवा उभ्या घोड्यावरून मोठा माणूस पडून मेला तर डिओडँड लागे, पण अजाण मूल पडून मेले तर लागत नसे. का? तर मूल निष्पाप. त्याच्या आत्म्याला प्रार्थनांची गरज नाही.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि मृतांसाठी करावयाच्या या प्रार्थनाही काही वर्षांत बंद पडल्या. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे घ्यायचे ते कारण गेले. पैसे घेणे गेले नाही. रक्कम राजाच्या दानाध्यक्षाकडे जाऊन धर्मादायाला लागावी असे तत्त्व राहिले. परंतु हा हक्क राजांनी ठिकठिकाणच्या जमीनदारांना आणि शहरांना कधीच वाटून टाकला होता. जमिनीच्या साऱ्याबरोबर, जत्रेच्या करांबरोबर तोही एक हक्क. आपल्याकडच्या मराठेशाहीतील कागदपत्रांत न्यायाच्या निमित्ताने होणाऱ्या ‘हरकी’ आणि ‘गुन्हेगारी’ या वसुलीच्या बाबी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. न्याय हे सरकारचे कर्तव्य, तसे ते सरकारचे उत्पन्नही असे. इंग्लंडात खुनाच्या आरोपपत्रातसुद्धा हत्याराची किंमत लिहावी लागे. अमक्याने अमक्याला चाकूने मारले, चाकूची किंमत सहा पेन्स! माणूस कोण होता, त्याच्यामागे कोण आहे, हे लिहिले नाही तरी चालेल; सहा पेन्स मात्र विसरायचे नाहीत.

अशा कायद्यात वकिली बुद्धीला रान मोकळे मिळते. ब्लॅकस्टोनने नोंदवलेल्या खाचाखोचा पाहण्यासारख्या आहेत. गाडी उभी असेल आणि कोणी चाकावर चढताना पडून मेला, तर डिओडँड फक्त त्या चाकाचा. गाडी चालती असेल, तर जे जे हलत होते ते सगळे, म्हणजे चाके, साटा, ओढणारी जनावरे आणि वरचा माल सुद्धा, कारण मालाच्या ओझ्यानेच घाव भारी झाला. खुल्या समुद्रात जहाजावरून पडून मेला तर काहीच नाही. नदीच्या गोड्या पाण्यात पडला तर जहाज मालासकट राजाचे. शेवटचा नियम कागदावर आहे, पण तो पुरता अमलात आला असता तर टेम्स नदीवर व्यापार करायला कोणी धजले नसते.

म्हणून ज्यूरीच्या लोकांनी आपली वाट काढली. ज्यूरी म्हणजे गावचेच दहाबारा जण. ज्याचा घोडा जप्त व्हायचा तो त्यांचा शेजारी. त्याचे पोट त्या घोड्यावर. त्याला का बुडवा? मग ते सांगत, की माणूस मेला तो घोड्याने नव्हे, लगामाने. किंवा गाडीने नव्हे, एका चाकाने. किंवा किंमतच ठरवीत, एक शिलिंग. जमीनदाराला हे अर्थातच रुचत नसे. पण ज्यूरीने कमी किंमत लावली म्हणून तो वरच्या कोर्टात गेला, तर कोर्ट बहुधा हात वर करी. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिओडँड हा असा नावापुरता उरला होता. चौकशीच्या शेवटी उरकायचा एक उपचार. तो त्याच वेळी शांतपणे मेला असता, तर मला आज हा लेख लिहावा लागला नसता.

त्याला पुन्हा जीव दिला वाफेने.

१८३० च्या सप्टेंबरात लिव्हरपूल–मँचेस्टर आगगाडी सुरू झाली, त्याच दिवशी विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडले आणि दगावले. त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत रूळ पसरत गेले, बॉयलर फुटत गेले, माणसे मरत गेली. प्रत्येक मरणामागे कॉरोनरची चौकशी होई आणि ज्यूरी बसे. आता मात्र वस्तूचा मालक शेजारी नव्हता. तो होता लंडनच्या कचेरीतून कारभार हाकणारी कंपनी. आणि वस्तू होती हजारो पौंडांचे इंजिन. ज्या ज्यूऱ्या कालपर्यंत शिलिंगाने मोजत होत्या, त्या शेकड्यांनी मोजू लागल्या. कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. लोकांना त्या गंजलेल्या हत्याराचा नवा उपयोग सापडला, एवढेच.

असे का व्हावे, हे कळायला आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला त्या काळी इंग्लंडात नुकसानभरपाई मागण्याचा हक्कच नव्हता. १८०८ मध्ये बेकर नावाच्या एका गृहस्थाने घोड्यांच्या प्रवासी गाडीच्या मालकांवर दावा लावला होता. तो आणि त्याची बायको गाडीच्या टपावर बसून चालली होती, गाडी उलटली, बायको जबर जखमी झाली आणि सुमारे एका महिन्याने वारली. लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले, की बायको जिवंत होती त्या महिन्याभरात नवऱ्याचे जे हाल झाले, तेवढ्याचीच भरपाई द्या. तिच्या मरणाबद्दल दिवाणी कोर्टात काही मागता येत नाही. बेकरला १०० पौंड मिळाले. तात्पर्य काय, तर तुमच्या गाडीने एखाद्याचा पाय मोडला तर तुम्ही देणे लागता, आणि जीव घेतला तर काही लागत नाही! जखमी करण्यापेक्षा ठार मारणे स्वस्त, असा हा न्याय. मला तर या निकालाइतका कोरडा निकाल इंग्रजी कायद्यात दुसरा ठाऊक नाही. आणि तो टिकून राहिला, हे विशेष.

आता माझ्या विद्यार्थ्याला अडलेल्या त्या वाक्याकडे येऊ. १८४१, २४ डिसेंबर. नाताळच्या आदला दिवस. ग्रेट वेस्टर्न कंपनीची एक मालगाडी पहाटे अंधारात लंडनहून ब्रिस्टलच्या बाजूला निघाली. इंजिनाचे नाव ‘हेक्ला’. आइसलंडमधील एका ज्वालामुखीचे नाव ते. इंजिनामागे तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी दोन वाघिणी जोडल्या होत्या आणि त्यांच्यामागे मालाने भरलेल्या जड वाघिणी. ‘तिसरा वर्ग’ म्हटल्यावर आपल्याला बाकडी आणि खिडक्या आठवतील, पण तसे काही नव्हते. वर छप्पर नाही, बाजूच्या फळ्या जेमतेम गुडघ्याइतक्या. डिसेंबरच्या थंडीत त्यात पस्तीस-चाळीस माणसे दाटीने बसलेली. बरेचसे पाथरवट आणि गवंडी होते. लंडनमधले पार्लमेंटचे जुने वाडे १८३४ मध्ये जळाले होते, त्यांच्या जागी नवी इमारत उभी राहत होती. तिच्या कामावरचे हे कारागीर सणासाठी आपापल्या गावी चालले होते.

रेडिंग शहराच्या अलीकडे सॉनिंग येथे टेकडी कापून रूळ नेले आहेत. पावसाने तेथली दरड भिजून ढासळली होती आणि माती रुळांवर आली होती. अंधारात ड्रायव्हरला काही दिसले नाही. इंजिन मातीत घुसून थबकले, आणि मागच्या मालाच्या वाघिणी आपल्या वजनासकट पुढे आल्या. मध्ये होत्या त्या दोन उघड्या वाघिणी. आठ माणसे तेथेच मेली, एक पुढे इस्पितळात वारला. आणखी पुष्कळ जबर जखमी झाले.

चौकशी झाली, ज्यूरीने मरण अपघाती ठरवले, आणि इंजिन व डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड बसवला. इस्पितळात गेलेल्या नवव्या माणसाच्या चौकशीत आणखी १०० पौंड. ज्यूरीतल्या साध्या माणसांना काय म्हणायचे होते ते स्पष्ट आहे. माल सांभाळण्यासाठी मजबूत वाघिणी, आणि माणसे मात्र चेंगरण्यासाठी पुढे! याची शिक्षा कंपनीला झाली पाहिजे, आणि शिक्षा करण्याचा दुसरा मार्ग कायद्याने आमच्या हाती ठेवलेला नाही. तेव्हा हा घ्या आमच्या आज्यापणज्यांचा डिओडँड. पण सरकारी निरीक्षकाने अपघाताचा दोष कंपनीवर ठेवला नाही, आणि पुढे अपिलात तांत्रिक मुद्द्यांवर हा डिओडँड रद्द झाला. आणि तो वसूल झाला असता, तरी पाथरवटांच्या बायकामुलांचा त्यावर काही हक्क नव्हता. पैसे जायचे राजाकडे, किंवा ज्याला राजाने हक्क दिला त्याच्याकडे. देवाच्या नावाने.

सॉनिंगच्या मेलेल्यांनी एक काम मात्र केले. ग्लॅडस्टन तेव्हा व्यापारखाते पाहत होते. त्यांच्या पुढाकाराने १८४४ मध्ये कायदा झाला. प्रत्येक कंपनीने दररोज निदान एक गाडी अशी सोडावी, की तीत तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना बसायला जागा आणि पाऊसवाऱ्यापासून आडोसा मिळेल, वेग ताशी १२ मैलांहून कमी नसेल, आणि भाडे मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नसेल. आगगाडीच्या डब्याला छप्पर असावे, यासाठी पार्लमेंटला कायदा करावा लागला!

मोठमोठे डिओडँड कोर्टात बहुधा टिकत नसत, तरी कंपन्यांना ते डाचू लागले होते. प्रत्येक ज्यूरीपुढे इंजिन पणाला लावायचे म्हणजे काय! अखेर १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांनी ही गाठ दोन्ही टोकांनी सोडवली. त्या एका ऑगस्ट महिन्यात दोन कायदे संमत झाले. पहिल्याने डिओडँड हा प्रकार अवाजवी आणि गैरसोयीचा ठरवून १ सप्टेंबर १८४६ पासून बंद केला. दुसऱ्याने मृताची बायको वा नवरा, आईबाप आणि मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा करता येईल असे ठरवले. दावा मृत्यूपासून बारा महिन्यांच्या आत लावायचा आणि रक्कम कोणाला किती ते ज्यूरीने वाटून द्यायचे. देव गेला, राजा गेला, आणि त्यांच्या जागी विधवा आली. इंग्रजी इतिहासकार हा प्रसंग सुधारणांच्या यादीत घालतात, आणि तो तसा आहेच. त्याबद्दल माझे दुमत नाही.

तरीही मला या सौद्यात काही हरवल्यासारखे वाटते, ते सांगतो. जुन्या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. वस्तूने जीव घेतला एवढे पुरे. नव्या कायद्यात कंपनीचा गुन्हा, गफलत वा कसूर दाखवावी लागे, आणि ती दाखवायची कोणी, तर घरातला कर्ता गेलेल्या बाईने, वकील लावून. दुसरे असे, की डिओडँडमध्ये किंमत लागायची ती इंजिनाची. चिरडलेला माणूस जमीनदार असो की हमाल, इंजिन तेच, किंमत तीच. नव्या कायद्याने किंमत लावायला घेतली ती माणसाची. तो किती कमावीत होता? आणखी किती वर्षे कमावता? १८५२ मध्ये ब्लेक नावाच्या विधवेने रेल्वेकंपनीवर लावलेल्या दाव्यात वरिष्ठ कोर्टाने स्पष्टच केले, की भरपाई पैशाच्या नुकसानीची. दुःखाची, मनस्तापाची नव्हे. साहजिकच बॅरिस्टर मेला तर कंपनीला महाग पडे आणि पाथरवट मेला तर स्वस्त. ज्याचे मरण स्वस्त, त्याच्या डब्याला छप्पर घालण्याची घाई कंपनीला कशाला असेल? डिओडँड अडाणी खरा, पण तो इतका व्यवहारी नव्हता.

शब्द मात्र त्या दिवसापासून निरुपयोगी झाला. मोठ्या इंग्रजी कोशांत तो आता ‘ऐतिहासिक’ अशा खुणेसह भेटतो. १८८१ मध्ये अमेरिकन न्यायपंडित होम्स यांनी आपल्या ‘कॉमन लॉ’ या ग्रंथात त्याची चर्चा केली, आणि जहाजाच्या मालकाला सोडून जहाजालाच प्रतिवादी करण्याच्या चालीमागे हीच जुनी भावना दडलेली आहे असे दाखवले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. भाड्याने दिलेल्या एका नौकेवर गांजाची एक सिगारेट सापडली आणि सरकारने ती नौकाच जप्त केली. मालक सर्वस्वी निर्दोष. न्यायालयाने जप्ती उचलून धरली, आणि तसे करताना डिओडँडच्या इतिहासाला उजाळा दिला. त्याआधी, १९५० मध्ये, जॅक व्हान्स या अमेरिकन कथालेखकाने ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकात ‘डिओडँड’ हे नाव माणसे खाणाऱ्या एका राक्षसी जातीला दिले होते. कथालेखकाला एक वजनदार, अनोळखी शब्द हवा असावा. अर्थ फारसा चुकला असे मला वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण हे सगळे इंग्लंडातच राहिले असे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २७ मार्च १८५५ रोजी, लॉर्ड कॅम्बेलच्या कायद्याची जवळजवळ नक्कल असलेला प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा हिंदुस्थानात संमत झाला. बायको, नवरा, आईबाप, मुले, गुन्हा, गफलत, कसूर, सगळे तसेच. पुढच्याच वर्षी भोर घाटाचे काम सुरू झाले आणि ते १८६३ पर्यंत चालले. त्या कड्यांवर, त्या बोगद्यांत हजारो मजूर कामाला होते, आणि त्यातले हजारो तेथेच राहिले. कोणी सुरुंगाने, कोणी दरडीखाली, आणि फार मोठ्या संख्येने पटकीने. कायदा तर हजर होता. पण घाटाखालच्या पालात बसलेली मजुराची विधवा बारा महिन्यांच्या आत इंग्रजी कोर्टात जाऊन कंत्राटदाराची गफलत सिद्ध करणार कशी, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

मालकाची चूक सिद्ध न करता कामगाराच्या कुटुंबाला भरपाई मिळण्याची सोय इंग्लंडात १८९७ मध्ये आणि आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने झाली. रस्त्यावरील मोटार-अपघातांसाठी चुकीचा प्रश्न न काढता ठरावीक रक्कम देण्याचे कलम १९८२ मध्ये आले. मोठ्या रकमेसाठी मात्र न्यायाधिकरणापुढे मृताची मिळकत, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा, आणि वयाप्रमाणे गुणक, असे गणित मांडावे लागते. पाथरवट आणि बॅरिस्टर यांचा फरक तेथे अजून मोजला जातो.

आगगाडीचे निराळे आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गाडीच्या अपघातात उतारू मेला तर रेल्वेची चूक होती की नव्हती हे पाहावयाचे नाही, आणि मृत्यूबद्दलची रक्कम नियमांतच ठरलेली असते. ती पूर्वी ४ लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख करण्यात आली. मेलेला माणूस काय कमावीत होता, याचा रकाना त्या हिशेबात नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गाचे तिकीट असो की बिनआरक्षित डब्याचे, आकडा एकच.